नापोलीचा खांदा, फिरेंझेची छाती: इटालियन हातशिलाईचे कोट

बाराबंदी

दुकानात 'इटालियन फिट' अशी चिठ्ठी लावून जो आखूड, कंबरेत आवळलेला, बटणावर ताणलेला कोट टांगलेला असतो, त्याचा इटलीतल्या शिंप्याशी फारसा संबंध नाही. मी मिलानमध्ये नोकरी करतो आणि कोट शिवायला नापोलीला (नेपल्सला) जातो. तिथे दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत काम करणारा एक म्हातारा शिंपी आहे. लग्नसराई जवळ आली की इथे फोरमवर सुटांबद्दल चर्चेचे धागे निघतात आणि दर वेळी तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आधी हे लक्षात घ्या की इटलीत सगळीकडे चालणारा एकच कट नाही. नापोली, फिरेंझे (फ्लॉरेन्स), रोम, मिलान, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. मला नापोलीची जास्त माहिती आहे, तिथूनच सुरुवात करतो.

१९३२ साली जेन्नारो रुबिनाची यांनी नापोलीत दुकान काढलं आणि नाव ठेवलं 'लंडन हाउस'. तेव्हा कपड्यांची काशी कुठे होती ते यावरून समजा. रुबिनाची स्वतः शिंपी नव्हते. नजर पारखी, घरचं बरं, मित्रमंडळी मोठी. कात्री होती व्हिन्चेन्झो अत्तोलिनी यांच्या हातात. त्यांनी इंग्रजी कोटाच्या खांद्यातलं पॅडिंग काढून टाकलं, छातीतला कॅनव्हास (कापड आणि अस्तर यांच्या मधला ताठ थर) हलका केला, अस्तर कमी केलं. लष्करी गणवेशातून आलेला तो ताठा गेला आणि कोट अंगावर सैलसर पडू लागला. नापोलीच्या उकाड्यात हे लोकांना आवडलं नसतं तरच नवल.

आता मुद्द्याचं. लोक फोटो काढतात ते खांद्यावरच्या चुण्यांचे. मला विचाराल तर चुण्या सगळ्यात शेवटी बघा, आधी मुंढा, म्हणजे बाही जोडतात ते काखेभोवतीचं भोक, बघा. तयार कोटाचा मुंढा मोठा आणि खाली उतरलेला असतो, कारण तो कुणाच्याही अंगात जायला हवा. मुंढा मोठा म्हणजे हात मोकळा असं आपल्याला वाटतं, पण होतं उलटंच. मुंढ्याचा तळ काखेपासून जितका खाली, तितकं हात उचलल्यावर बाहीबरोबर कोटाचं अख्खं अंग वर ओढलं जातं. तयार कोट घालून बसचा दांडा धरून बघा. खांदे कानाला टेकतात, मागे कॉलर मानेपासून सुटते.

नापोलीचा शिंपी मुंढा लहान ठेवतो, काखेच्या अगदी जवळ. त्यात बसवायची बाही मात्र घेराने चांगली मोठी असते. जास्तीचं कापड तो हाताने, टाक्याटाक्याला थोडं थोडं जिरवत नेतो. वर, खांद्यापाशी, शिवणीची माया (शिवणीबाहेर सोडलेलं जादा कापड) बाहीत न वळवता अंगाच्या बाजूला, खांद्याखाली वळवतो, शर्टाला असते तशी. म्हणून त्या खांद्याला तिकडे 'स्पाला कामीचा', म्हणजे शर्टाचा खांदा, म्हणतात. आत ना पॅड, ना बाहीच्या माथ्याला कापसाची वळकटी. जिरवलेलं कापड मग वरून किंचित दिसतं, त्याच त्या प्रसिद्ध चुण्या. लहान मुंढ्यात मोठी बाही घातल्यामुळे त्या पडतात, शोभेसाठी कुणी पाडत नाही. हल्ली कारखान्यात मुद्दाम चुण्या पाडलेले कोट मिळतात आणि मुंढा जिथल्या तिथे, चार बोटं खाली!

बाकी खुणा पटकन सांगतो. छातीचा खिसा सरळ पट्टीचा नसतो, होडीच्या बुडासारखा वळतो. बाजूचे खिसे बाहेरून लावलेले, गोलसर. कडांना दुहेरी टीप. बाहीची बटणं एकमेकांवर किंचित चढलेली. आणि पुढे बटणं तीन, पण लॅपल (कॉलरखालची छातीवर उलटलेली पट्टी) मधल्या बटणापर्यंत उलटून येतं. त्यामुळे सगळ्यात वरचं काज लॅपलच्या उलट्या बाजूने दिसतं. चांगला शिंपी ते काज मागूनही तितकंच स्वच्छ करतो. ते बटण कधीच लावायचं नाही.

तिरकस

म्हणजे चार आकडी युरो मोजून सुरकुत्या विकत घ्यायच्या? आमचा इस्त्रीवाला फुकट पाडून देतो.

रेवदंडेकर

उत्तम धागा, वाचनखूण साठवली आहे.

रोमबद्दल थोडी भर. काराचेनी हे नाव इटालियन शिवणकामात फार मोठं. हे मूळचे अब्रुत्सो प्रांतातल्या ओर्तोना गावचे. त्याच गावचे संगीतकार फ्रान्चेस्को पाओलो तोस्ती लंडनला इंग्रज राजघराण्यात गाणं शिकवायचे. त्यांचे लंडनला शिवलेले कपडे गावी यायचे आणि दोमेनिको कारेचेनींनी ते उसवून, आत काय आहे ते बघून इंग्रजी कट आत्मसात केला, असं सांगतात. पुढे त्यांनी रोममध्ये नाव कमावलं. भाऊ आउगुस्तो यांनी १९४६ मध्ये मिलानला दुकान थाटलं, ते आजही आहे. फियाट मोटार कंपनीचे जान्नी आन्येल्ली तिथलं गिऱ्हाईक होते.

ब्रिओनीही रोमचीच. १९४५ ची स्थापना, नाझारेनो फोन्तिकोली कात्री सांभाळायचे, गाएतानो साव्हिनी धंदा. १९५२ मध्ये फिरेंझेच्या पालाझ्झो पित्तीत त्यांनी पुरुषांच्या कपड्यांचा फॅशन शो केला. पुरुष कपडे घालून मंचावर चालतात ही कल्पनाच तेव्हा नवी होती. फोन्तिकोलीसुद्धा अब्रुत्सोचेच, पेन्ने गावचे. कारखाना आणि नंतर शिवणकामाची शाळा तिथेच निघाली. एका डोंगराळ प्रांतातून इतके शिंपी का निघाले, हा खरं तर स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

बाराबंदी

रेवदंडेकर, छान भर. टंकताना एके ठिकाणी 'कारेचेनी' झालंय, तेवढं संपादित करा.

मिलानचा कट नापोलीच्या मानाने शिस्तीतला. खांद्यात थोडं पॅड, बाहीचा माथा गुळगुळीत, छातीत कॅनव्हासचा जोर जास्त. बँकवाले, वकील हेच घालतात. डबल ब्रेस्ट त्यांच्यासारखा दुसरा कुणी शिवत नाही असं माझं मत, नापोलीकर ऐकतील तर मला गल्लीत पाऊल ठेवू देणार नाहीत.

कात्रीवाला

वडील कोल्हापुरात कोट आणि सफारी शिवायचे, मी अकरावीपर्यंत दुकानात बसलोय. मुंढ्याबद्दल लिहिलंय ते शंभर टक्के खरं. वडील म्हणायचे, मुंढा वाढवता येतो, कमी करता येत नाही. आधी लहानच काप.

पण बाराबंदी, मुंढ्याच्याही आधी बॅलन्स येतो. तो चुकला तर मुंढा कितीही चांगला कापा, कोट बसत नाही. बॅलन्स म्हणजे मानेपासून खाली पुढच्या भागाची आणि मागच्या भागाची लांबी एकमेकींशी जुळणं. छाती काढून चालणाऱ्या माणसाला पुढे जास्त लांबी लागते, मागे कमी. दिवसभर कॉम्प्युटरवर वाकून पोक आलेल्याला नेमकं उलट. त्याला सरळ माणसाचा कोट घाला: मागची लांबी पाठीवर खर्ची पडते, कॉलर मानेपासून सुटते आणि मागची चीर उघडी पडते. असा माणूस दुकानात तक्रार करतो की कोट ढगळ आहे. सेल्समन कंबर आत घेतो, दुखणं तसंच राहतं.

छाती, कंबर, बाही ही मापं टेप सांगते, बॅलन्स सांगत नाही. तो माणूस दारातून आत येतो तेव्हाच नजरेने टिपायचा. टेप काढली की गिऱ्हाईक ताठ उभं राहतं आणि सगळं बिघडतं. म्हणून वडील आधी चहा मागवायचे आणि गप्पा मारता मारता बघून घ्यायचे.

बाराबंदी

@कात्रीवाला, एकदम मान्य. तुम्ही लिहिलंत म्हणून सांगतो, आमचा म्हातारा माप घेताना टेप पोऱ्याच्या हातात देतो. स्वतः खुर्चीत बसून नुसता बघतो आणि मध्येच नापोलीतल्या बोलीत काहीतरी पुटपुटतो, पोऱ्या ते वहीत लिहितो. आकड्यांच्या बाजूला बारीक चित्रंही असतात. माझ्या पानावर उजव्या खांद्याला खाली जाणारा बाण आहे.

मनीषा_ठाणे

बाणावरून आठवलं. आमच्या ह्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दिसण्याइतका खाली आहे. कुठलाही ब्लेझर घातला की उजव्या काखेखाली तिरपी घडी पडते. दुकानदार म्हणतात पॅड टाकून देतो. ते करावं का?

कात्रीवाला

ताई, बहुतेकांचा एक खांदा खाली असतोच, उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा बऱ्याचदा उजवा. दोन रस्ते. एक, खालच्या खांद्यात थोडं पॅड घालून दोन्ही सारखे दाखवायचे. दुसरा, खांद्याची शिवण त्या बाजूला उतरती कापायची आणि मुंढाही तेवढाच खाली सरकवायचा, म्हणजे कापड शरीराच्या उताराबरोबर जाईल आणि घडी पडणारच नाही. तयार कोटात फक्त पहिला रस्ता शक्य आहे. पॅड चालेल, पण पातळ, आणि एकाच बाजूला. दोन्हीकडे टाकून दिलं तर फरक तेवढाच राहील, वर हे पहिलवान दिसतील.

बाराबंदी

नापोलीत दुसराच रस्ता धरतात, कारण पॅड टाकायला जागाच नाही. डावा-उजवा भाग वेगवेगळा कापतात. पॅड नसलेला खांदा याच कारणाने अवघड: लपवायला आत काही नसतं, कात्री चुकली की लगेच उघडं पडतं.

आणि मनीषाताई, फारच उतरते, अरुंद खांदे असतील तर नापोलीचा मऊ खांदा घेऊ नका असंच मी सांगेन. जे आहे ते तो दाखवतो. तिथे रोम-मिलानचा थोडा भरलेला खांदा बरा. यावर इटालियन लोक आपसात तासन् तास भांडतात.

पिंपळपान

भारी चर्चा. दोन बाळबोध प्रश्न. १) बिस्पोक म्हणजे नेमकं काय? मॉलमध्ये मापं घेऊन महिनाभरात सूट देतात, ते बिस्पोक की काय? २) पुण्यात असा कोट शिवून मिळेल का?

बाराबंदी

१) मॉलमधलं ते मेड-टू-मेजर. कारखान्यात ठरलेला नमुना असतो, त्यात तुमच्या मापाने बाही-लांबी-कंबर कमी-जास्त करतात. वाईट नाही, सरळ बांध्याच्या माणसाला छान बसतं. पण मघाशी कात्रीवाल्यांनी सांगितलेला बॅलन्स त्यात फार थोडा बदलता येतो. बिस्पोकमध्ये नमुना तुमच्यासाठी कोरा बेतला जातो आणि मध्ये ट्रायली होतात.

पहिल्या ट्रायलीला जो कोट अंगावर चढतो तो बघून नवखा माणूस घाबरतो. खिसे नाहीत, कॉलरच्या जागी नुसता कॅनव्हास, बाही कधी एकच, आणि सगळीकडे पांढरे कच्चे टाके. शिंपी खडूने खुणा करतो, खांद्याची शिवण तिथेच उसवतो, कापड दोन बोटं मागे सरकवून टाचण्या लावतो. तुम्ही गेल्यावर तो अख्खा कोट उसवून, तुकडे इस्त्रीने सपाट करून, नव्या खुणांवर पुन्हा कापतो. म्हणूनच आत भरपूर माया सोडलेली असते. दोन-तीन ट्रायलींनंतर काजं होतात. एका कोटात हाताचे पन्नासेक तास सहज जातात. कारखान्यातला कोट दोन-चार तासांत होतो. किमतीतला फरक तिथून येतो, @तिरकस.

तिरकस

पन्नास तास! एवढ्या वेळात आमच्या सोसायटीचं एक टॉयलेट तरी दुरुस्त झालं असतं. बरं, गंमत सोडा. हाताने शिवल्याने बसण्यात खरंच फरक पडतो, की ती फक्त भाविकांची श्रद्धा? मशीनचा टाका जास्त मजबूत असतो ना?

कात्रीवाला

मजबूत असतोच, आणि सरळ लांब शिवणी इटलीतही मशीनवरच मारतात बहुतेकजण. हात लागतो तो तीन ठिकाणी: मुंढ्यात बाही बसवताना, कॉलर मानेला बसवताना, आणि लॅपल-छातीला कॅनव्हास जोडताना. मशीनचा टाका दोन कापडं घट्ट धरतो. हाताचा टाका किंचित ढिला ठेवता येतो, म्हणून दंड हलला की शिवणही थोडी देते.

लॅपलचं बघा. लॅपल बोटावर गोल वळवून धरतात आणि वळवलेल्या अवस्थेतच आतून कॅनव्हासला शेकडो बारीक तिरपे टाके घालतात. प्रत्येक टाका कापडाचा एखादाच धागा उचलतो, बाहेरून ठिपकाही दिसत नाही. सोडल्यावर लॅपल आपोआप वळलेलंच राहतं. इस्त्रीने दाबून बसवलेलं लॅपल आणि हे, लांबूनही ओळखू येतं.

पिंपळपान, तुमचा दुसरा प्रश्न. स्पाला कामीचा वगैरे पुण्यात कुणी करून देईल तर मला कळवा. पण चांगला कोट मिळू शकतो. मास्टरला एकच विचारा: आत कॅनव्हास शिवणार की फ्युजिंग (डिंक लावलेला आतला थर) चिकटवणार? हल्ली बहुतेक ठिकाणी चिकटवतात. माझ्या धाकट्या भावाने लग्नाला एका नावाजलेल्या दुकानातून सूट घेतला, दुसऱ्याच ड्रायक्लीनिंगला छातीवर फोड आले. डिंक सुटतो. दुकानवाले म्हणाले धुणाऱ्याची चूक. तयार कोट घेताना सगळ्यात खालच्या काजाखाली चिमटीत धरून पुढचं-मागचं कापड वेगळं करून बघा. मध्ये तिसरा थर सुटा हाताला लागला तर कॅनव्हास आहे.

रेवदंडेकर

+१. आणि कापड लोकरीचंच घ्या. पॉलिस्टरला इस्त्री वळण देऊ शकत नाही. लोकर वाफेवर ताणता येते, आटवता येते. पाठीच्या खांद्याची शिवण पुढच्यापेक्षा लांब कापून, वाफेने आटवून जोडतात तेव्हा खांद्याच्या हाडामागे जागा होते. पॉलिस्टरमध्ये तिथे चुण्याच राहतात, आणि त्या नापोलीच्या नव्हेत.

मनीषा_ठाणे

पण ठाण्याच्या घामात लोकर? 🙂

बाराबंदी

घाम यायला लोकर कारणीभूत नसते, अस्तर आणि चिकटवलेलं फ्युजिंग असतं. हवा तिथेच अडते. हॉपसॅक किंवा फ्रेस्कोसारखं सैल विणीचं, पीळदार धाग्याचं कापड घ्या, उजेडात धरलं तर आरपार दिसतं. अस्तर फक्त बाहीत आणि खांद्याच्या पट्ट्यात. नापोलीत उन्हाळी कोटाची पाठ उघडीच असते, आतल्या शिवणी सुबक बांधून. अस्तर नसलं की काम वाढतं, कमी होत नाही, कारण आतलं सगळं दिसतं.

यात आपला एक दूरचा संबंध आहे. इटालियन लोक ज्याच्यावर जीव टाकतात ते सोलारो कापड, वरून खाकी-हिरवट आणि तिरप्या उजेडात विटकरी लाल झळकणारं, ते इंग्रजांनी उष्ण कटिबंधातल्या आपल्या साहेबांसाठी काढलं होतं. आतला लाल धागा उन्हाची बाधा अडवतो अशी तेव्हाची समजूत. साहेब घरी गेले, समजूतही गेली, कापड मात्र इटलीत स्थायिक झालं.

पिंपळपान

आणि फिरेंझे? शीर्षकात आहे, मजकुरात नाही. मला चौकडीचं कापड आवडलंय, म्हणून विचारतोय.

बाराबंदी

बरोबर पकडलंत. चौकडीसाठी फिरेंझेच!

साध्या कोटात छातीखालून खिशाकडे एक उभा डार्ट (कापड चिमटीत धरून मारलेली शिवण) उतरतो, कंबरेला आकार द्यायला. नापोलीत तो बऱ्याचदा खिशातून पुढे थेट खालच्या कडेपर्यंत नेतात, बाहेरून लावलेला खिसा तो झाकतो. आकार सुंदर येतो, पण चौकडीच्या रेषा त्या शिवणीवर तुटतात. फिरेंझेत पुढचा डार्टच नसतो. आकार देणारी शिवण मुंढ्याखालून तिरपी बाजूच्या खिशाकडे जाते, हाताच्या आड. समोरची छाती अखंड कापडाची, चौकडी वरपासून खालपर्यंत न तुटता. खांदा मऊ पण हाडाच्या जरासा बाहेर, लांबी थोडी कमी, आणि बटणाखाली दोन्ही कडा गोल वळत चांगल्या फाकतात. लिवेरानो हे तिथलं सगळ्यात माहितीतलं नाव. डार्ट नसताना कंबरेला आकार आणायचा तर सगळा भार इस्त्रीवर येतो, म्हणून हे सोपं समजू नका.

कात्रीवाला

हे मात्र आमच्याकडे कुणी चांगला मास्टर करून देऊ शकेल. चौकडी मोठी असेल तर कापड अर्धा मीटर जास्त घ्या, जुळवाजुळवीत जातं. आणि जुळलीय का ते तीन ठिकाणी बघा: खिसा आणि अंग, बाही आणि छाती, कॉलर आणि पाठ. खांद्याच्या शिवणीवर पूर्ण जुळणार नाही, तिथे मास्टरशी भांडू नका.

पिंपळपान

धन्यवाद मंडळी. ठरलं मग. निळी चौकडी, फिरेंझे पद्धत, बाहेरून लावलेले खिसे, निम्मं अस्तर.

बाराबंदी

थांबा. कोट नवरदेवाचा की वऱ्हाडाचा?

पिंपळपान

नवरदेवाचा. स्वागत समारंभ, डिसेंबर, संध्याकाळ.

बाराबंदी

मग चौकडी आणि बाहेरचे खिसे दोन्ही रद्द. तो दुपारच्या जेवणाचा कोट झाला. गडद निळं सपाट कापड, खिसा आतला, कड नुसती बारीक पट्टीची. पहिल्या ट्रायलीला त्या दिवशी घालणार तेच बूट आणि तोच शर्ट घालून जा, आणि पोट आत ओढू नका.

कात्रीवाला

आणि मास्टरकडे याच आठवड्यात जा. दिवाळीनंतर गेलात तर ट्रायल एकच होईल, तीही हळदीच्या आदल्या दिवशी.